बोटं गिलासाच्या बाहेर

"काका, साब के लिए पानी लाओ. गिलास धो के. और उंगली बाहर रखना."

छोटा सेठ गादीवरून बोलला. मान वर न करता.

नागपूरच्या गांधीबागेतलं ठोक कपड्याचं दुकान. मी मागं कपड्याची गठाण सोडत होतो. हात पॅन्टला पुसले. माठाजवळ गेलो. गिलास घासला, विसळला, भरला, ट्रेमध्ये ठेवला. बोटं बाहेर. माझी बोटं कधीच आत गेली नव्हती. तरी तो दरवेळी सांगायचा. त्याचा बाप सांगायचा. आजाही सांगायचा. दुकान वारशानं आलं, तसं हे वाक्यही आलं.

गादीपाशी येऊन वाकलो. ट्रे पुढं केला. तेव्हा दिसलं साहेब कोण ते.

माझा पोरगा होता.

पांढऱ्या गादीवर, लोडाला टेकून, मांडी घालून बसलेला. पायात निळे मोजे. ते मोजे सकाळी आमच्याच दोरीवर वाळत होते. तो नुकताच सी.ए. झाला होता. कोणत्या दुकानात जातो, काय तपासतो, घरी कधी सांगायचा नाही. मीही विचारत नव्हतो.

त्यानं गिलास उचलला. माझ्याकडं पाहिलं नाही. ट्रेकडं पाहिलं.

सेठ त्याला म्हणत होता, "आप जैसे लोग कम हैं, साब. मेहनत से ऊपर आये हो. बाकी तो आजकल सब कोटे से घुस रहे हैं. कल को आपरेशन कराना हो तो पहले डाक्टर की जात पूछनी पड़ेगी."

आणि पोरगा हसला. मोठ्यानं नाही. दात दिसतील एवढंच.

मी ट्रे छातीशी धरून उभा होतो. रिकामा गिलास परत न्यायचा असतो, म्हणून. त्यानं अर्धं पाणी पिऊन गिलास ठेवला. मी उचलला. बोटं बाहेर. मागं आलो. गठाण अर्धी सुटलेली पडली होती. पुढं सोडत बसलो.

ती गादी मीच घालायचो. दर आठवड्याला तिची चादर बदलायची. चादर ताणायला वर चढावं लागतं. गुडघ्यांवर चालत चारी कोपरे ओढायचे, एक वळी राहता कामा नये. तेवढ्यापुरतं मला वर चढता यायचं. चादर ताणून झाली की उतरायचं. मग ती सेठची गादी. मग माझी जागा खाली, जिन्याजवळ, पोत्यावर. जवानी गेली, गुडघे गेले, पण त्या गादीवर मी एकदाही बसलो नाही. पोरगा बसला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. म्हणूनच तर शिकवलं होतं.

घरी आलो. देवका, माझी बायको, पोळ्या करत होती. तिला सांगितलं. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "पानी पेला का त्यानं?"

"पेला."

"सगळं?"

"अर्धं ठेवलं."

"लहानपनापासून अर्धंच ठेवते तो." तिनं तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "तुमाले राग नाई आला?"

"आला."

"मंग काय केलं त्या रागाचं?"

मी जेवायला बसलो. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा विचारून सोडून द्यायची, अशी बाई होती. पण सोडलेलं ती विसरत नव्हती.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्याची सवय नाही. पण आता घरात बोलायला कोणी उरलं नाही. देवका गेली. म्हणून लिहितो आहे. मागचं थोडं सांगावं लागेल.

माझा बाप पारशिवनीकडच्या खेड्यातला. मेलेली जनावरं ओढून नेणं हे आमच्या घराचं काम होतं. बाप नागपूरला गेला, छप्पन साली, लाखो लोकांत बसून दीक्षा घेऊन आला. पाठोपाठ पाटलाची म्हैस मेली. पाटलाचा माणूस बोलवायला आला. बाप म्हणाला, "मी नाई ओढत." एवढंच. भाषण नाही, काही नाही. म्हैस गोठ्यात फुगली, सडली. मग गावानं आमचं पाणी बंद केलं, काम बंद केलं, दळण बंद केलं. बापानं आम्हाला घेऊन नागपूर गाठलं. मी तेव्हा लहान होतो. दीक्षा मला आठवत नाही. म्हशीचा वास आठवतो.

माझ्या डोक्यात जे काही आहे, ते त्या वासातून आलं. कुठल्या पुस्तकातून नाही.

मी मिसरूड फुटायच्या आधी दुकानात लागलो. तिथं मला रहीमभाई भेटला. मोठ्या गठाणीला दोन माणसं लागतात. दोन्हीकडून हूक लावायचे, एक पुढं, एक मागं. मागच्याला गठाणीशिवाय काही दिसत नाही. पुढचा बोलतो, मागचा ऐकतो. रहीमभाई पुढं असायचा. "बायाँ दबा. बस. मुंडी बचा. नाली है, नाली है. आन दे." त्या बोळांमधून आम्ही असे जन्मभर चाललो. त्याची पाठ मी माझ्या बापाच्या तोंडापेक्षा जास्त पाहिली. तो चुकीचं बोलला असता तर माझा पाय मोडला असता. एकदाही चुकीचं बोलला नाही. एक जण आला नाही तर दुसऱ्याचीही रोजी बुडायची, म्हणून तापातही दोघं जायचो. माझ्या डब्यातली भाजी तो खायचा, त्याच्या डब्यातलं मी.

देवका संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायची. काटोलकडून ट्रक यायचे. दिवसभर उन्हात बसून संत्री निवडायची. तिच्या बोटांना सालीचा वास असायचा, आंघोळीनंही न जाणारा. त्या बोटांनी तिनं पोराला इंग्रजी शाळेत घातलं. मी म्हटलं होतं, आपल्या वस्तीतल्या शाळेत काय वाईट आहे? ती म्हणाली, "तुमी शिकले न त्या शाळेत? मंग उचला गठान."

त्या इंग्रजी शाळेत पोरांनी त्याला आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. मधल्या सुटीत त्याच्याजवळ कोणी बसेना. घरी आला, दप्तर फेकलं, म्हणाला, "मले दुसरं आडनाव पाह्यजे." मी मारायला उठलो. देवका मधात आली. म्हणाली, "नावानं काय होते? पोट्टं शिकलं पाह्यजे." मग आम्ही गावाच्या नावावरून आडनाव लावलं. ज्या गावानं आमचं पाणी तोडलं, त्याच गावाचं. शाळेत त्याचा त्रास संपला. तेव्हापासून तो एक गोष्ट पक्की शिकला. सांगितलं नाही तर त्रास होत नाही.

म्हणून गादीवर बसलेल्या साहेबाचा बाप खाली उभा आहे, हे सेठला कळायचं कारण नव्हतं. मी त्याच्यासाठी "काका". माझं आडनाव त्याला कधी लागलंच नाही.

त्या दिवशी पोरगा रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "बाबा, ते दुकान सोडून द्या आता."

"काहून?"

"वय झालं न तुमचं."

वर्षभरात तो बेसा रोडकडं फ्लॅट घेऊन गेला. आम्हाला बोलावलं होतं. आम्ही वस्तीतच राहिलो. मी दुकानही सोडलं नाही. रहीमभाई होता म्हणून.

दुकान सुटलं ते वेगळ्याच दिवशी.

जुन्या शहरात भांडण पेटलं. दगड कोणी आधी मारला, मला माहीत नाही. दोन्हीकडच्या पोरांच्या तोंडाला रुमाल होते. मी आणि रहीमभाई गठाण घेऊन रस्त्यात. गठाण टाकून पळत दुकानाशी आलो. छोटा सेठ शटर पाडत होता. मी म्हटलं, "सेठ, थांबा, आम्ही आहोत." तो शटरच्या खालून म्हणाला, "अरे काका, तुम लोग तो इधरइच के हो, देख लो अपना." शटर पडलं. आतून कुलूप लागलं.

आतमध्ये ती गादी. पांढरी. सकाळीच चादर बदलली होती मी.

मी शटर वाजवत राहिलो. रहीमभाई पुढं निघून गेला होता. तो परत फिरला. माझा हात धरून म्हणाला, "मेरी पीठ देख, और कुछ मत देख." बोळाबोळानं त्यानं मला त्याच्या मोहल्ल्यात नेलं. "बायाँ दबा. बस. आन दे." कर्फ्यू उठेपर्यंत मी त्याच्या घरी राहिलो. त्याच्या बायकोनं मला पलंग दिला, रहीमभाई खाली झोपला. देवकानं त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं, "भाबी, माह्या बुढ्याले तिखट नका देऊ, रातभर तुमाले झोपू नाई देनार." दोघी हसल्या. बाहेर पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि या दोघी हसत होत्या.

पोराचाही फोन आला.

"बाबा, तुम्ही कोनाच्या घरी थांबले? त्या लोकाइच्या? तिथून निघा."

"कुठं निघू? कर्फ्यू आहे."

"काही झालं म्हंजे?"

"सेठानं शटर पाडलं. हा मागं फिरून मले घ्यायले आला."

"ते वेगळं आहे, बाबा."

"काय वेगळं आहे?"

"तुम्हाले नाही समजनार. तुम्ही शिकले नाही."

मी फोन रहीमभाईच्या बायकोच्या हातात दिला. तिनं विचारलं, "क्या बोला बेटा?" मी म्हटलं, "खाना खाया क्या, पूछ रहा था."

खरं म्हणजे मला तेव्हाच काही गोष्टी दिसल्या. पोरगा दुष्ट नाही. त्याला दुष्ट म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. तो रोज ज्यांच्यात बसतो, ते जे बोलतात, ते तो बोलतो. मोबाईलवर जे येतं, ते पुढं ढकलतो. त्याला शाळेत एकटं पाडलं होतं. एकटं पडायची भीती त्याच्या हाडात आहे. आता कोणीतरी त्याला सांगितलं की आपण सगळे एक, फक्त ते लोक वेगळे. त्याला ते गोड लागलं. त्याच्यापेक्षा खाली ढकलायला कोणीतरी मिळालं. पोत्यावर बसणारा बाप त्याला विसरायचा होता. तो विसरायची सोय त्या गादीवर होती.

हे मी देवकाला बोललो. ती म्हणाली, "मीच घातलं न त्याले त्या शाळेत." मी म्हटलं, "तू नाही घातलं असतं तर तोही गठाण उचलत असता." ती म्हणाली, "उचलली असती तर रहीमभाईचा आवाज तरी ओयखला असता त्यानं."

मी दुकानात परत गेलो नाही. रहीमभाईही नाही गेला. सेठचा निरोपही आला नाही. दोन म्हातारे कमी झाले, दोन जवान लागले.

देवका यंदा गेली. पोटाचं दुखणं होतं, अंगावर काढलं. सरकारी मेडिकल हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मरताना तिनं काही सांगितलं नाही. सिनेमात सांगतात. तिनं पाणी मागितलं. मी गिलास भरून तोंडाला लावला. बोटं कुठं होती, मला माहीत नाही. बहुतेक आतच असतील. थोडं प्याली. थोडं उरलं.

आमची गल्ली अरुंद. नळाच्या कोपऱ्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला लागावं लागतं. तिरडी तिथून काढायची होती. पोरगा पुढं उजवीकडं. रहीमभाई न सांगता पुढं डावीकडं लागला. मी मागं. मला पुढचं काही दिसत नव्हतं. कोपरा आला आणि रहीमभाईचा आवाज आला.

"बायाँ दबा. बस. मुंडी बचा. नाली है. आन दे."

मी तसाच चाललो. डोळ्यांत पाणी होतं, तरी पाय चुकला नाही. गल्लीतल्या बायका रडायच्या थांबून पाहत होत्या. घाटापर्यंत तो असाच बोलत गेला. जन्मभरातली आमची सगळ्यात हलकी गठाण होती ती.

घाटावरून आलो. पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, ते हमालासारखं काहून ओरडत होते? माझ्या ऑफिसचे लोक होते न."

मी म्हटलं, "हमालच आहे तो."

आमच्यात तेरवी नसते. पुण्यानुमोदन असतं. भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, माणसं दोन शब्द बोलतात, जेवतात. मला वाटलं, वस्तीतल्या विहारात करू. तिथं देवका दर पौर्णिमेला झाडू मारायची.

पोरगा म्हणाला, "नाही बाबा. लॉन बुक केला. मोठे लोक येनार आहेत."

मग हळूहळू कळलं. निवडणूक लागणार होती. आमच्या वस्तीचा वॉर्ड राखीव झाला होता. पोराला तिकीट पाहिजे होतं. छोटा सेठ त्याच्यामागं उभा होता. शाळेत लपवलेलं, गादीवर लपवलेलं, फ्लॅटच्या लिफ्टमध्ये लपवलेलं आता अचानक कामाचं झालं. तो आता फोन उचलला की आधी "जयभीम" म्हणत होता. कुठून शोधून काढला हा शब्द त्यानं? माझ्याच घरात होता. इतकी वर्षं माळ्यावर.

"एकच करा, बाबा," तो म्हणाला. "रहीमचाचाले सांगा, त्या दिवशी येऊ नका म्हना. मनात काही नाही माझ्या. पन माहोल तुम्ही पाहताच. फोटो निघतील. वरचे लोक पाहतील."

"त्यानं तुह्या मायले खांदा देला."

"म्हनूनच तुम्ही सांगा म्हनतो. माझ्या तोंडून बरं नाही दिसत."

"मी नाही सांगत."

तो म्हणाला, "ठीक आहे. मी पाहतो."

त्या दिवशी गाडी आली. मी देवकाचा फोटो शर्टाच्या आत घेतला होता. छोट्या फ्रेमचा. विहारातल्या कार्यक्रमात कोणीतरी काढलेला. पांढरं लुगडं, काळी देवका, उन्हानं रापलेली, डोळे बारीक केलेले.

लॉनच्या फाटकावर मोठा फ्लेक्स. वर महापुरुषांचे फोटो. खाली पोरगा हात जोडून. त्याच्या बाजूला एक बाई. मी थांबून पाहिलं. देवका होती. गोरी केली होती. गाल भरले होते. गळ्यात निळा पट्टा टाकला होता. आयुष्यभर उन्हात संत्री निवडणारी बाई, मेल्यावर गोरी करून टाकली.

वस्तीतले लोक खुर्च्यांवर मागं. पुढं मंच. मंचावर पांढरी गादी, लोड. आणि गादीवर छोटा सेठ. केस पिकले त्याचे आता, तरी छोटाच. त्याला आता माहीत होतं मी कोण. मला पाहून उठल्यासारखं केलं. म्हणाला, "आओ काका, आओ! अरे, तुम तो हमारे घर के आदमी हो. ऊपर आओ, इधर बैठो, मेरे बाजू में."

पोरानं माझा दंड धरला. हळू म्हणाला, "बसा बाबा. फोटो काढायचा आहे."

मी गादी पाहिली. चादर नीट ताणली नव्हती. उजव्या कोपऱ्यात वळ्या होत्या.

मी म्हटलं, "रहीमभाई कुठं आहे?"

"येतील न. बसा."

माझी नजर फाटकाकडं गेली. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं, फुटपाथवर रहीमभाई बसला होता. टोपी घातलेली. मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा. फाटकाशी पोराचे कार्यकर्ते पोट्टे उभे होते, गळ्यात पट्टे घातलेले.

मंचावर फोटोवाला वाट पाहत होता. सेठनं गादीवर हात आपटून जागा दाखवली. कुत्र्याला बोलवतात तशी नाही. प्रेमानं. तेच जास्त लागलं.

मी वर चढलो नाही. खाली उभा राहून म्हटलं, आणि माइक जवळ होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं, "सेठ, एक गिलास पानी लाओ. गिलास धो के. उंगली बाहर रखना."

मला वाटलं, काहीतरी होईल. इतकी वर्षं ते वाक्य मी छातीत धरलं होतं. वाटलं, त्याचा चेहरा उतरेल.

सेठ हसला. मोकळा हसला. म्हणाला, "अरे, काका को पानी दो भई, कोई काका को पानी दो!" केटरिंगच्या पोरानं सीलबंद बाटली आणून माझ्या हातात दिली.

त्याला आठवतच नव्हतं. मला जन्मभर पुरलं ते त्याला आठवतही नव्हतं.

पोराला आठवलं. त्याचा चेहरा पांढरा झाला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा, आज नको. हात जोडतो. आज नको."

म्हणजे त्या दिवशी त्यानं ऐकलं होतं. ऐकूनही हसला होता.

मी बाटली मंचाच्या कडेवर ठेवली. फाटकाबाहेर आलो. पोट्टे बाजूला झाले. रस्ता ओलांडला. रहीमभाईजवळ बसलो.

तो म्हणाला, "तेरे बेटे के लौंडों ने बोला, चाचा, आज रहने दो. मैं बोला, रह लेता हूँ. फुटपाथ उसके बाप का है क्या?"

"उसका बाप मैं हूँ."

"तो फिर किराया ले ले," तो म्हणाला, आणि सरकून मला जागा दिली.

मी शर्टातून देवकाचा फोटो काढला. फुटपाथच्या भिंतीला टेकवला. रहीमभाईनं मेणबत्ती काढली, हातानं आडोसा करून पेटवली. वारा होता, दोनदा विझली. मी त्रिशरण म्हणायला लागलो. मधात आवाज फाटला. मी थांबलो. रहीमभाई म्हणाला, "पढ़ ले, पढ़ ले. मैं बैठा हूँ." समोर लाऊडस्पीकरवर पोरगा बोलत होता, "माझ्या आईनं संत्री विकून मला शिकवलं." विकली नव्हती. भरली होती. दुसऱ्याची. वस्तीतले लोक टाळ्या वाजवत होते. आमच्याकडं एकही माणूस आला नाही. दोघं-तिघं फाटकाशी आले, पाहिलं, आत गेले. आत जेवण लागलं होतं.

पोरगा नंतर आला नाही. फोन आला. "तुम्ही माझं नुकसान केलं बाबा. सगळ्यांसमोर."

नुकसान काही झालं नाही. त्याला तिकीट मिळालं. तो निवडून आला. आमच्या वस्तीतूनच मतं पडली. त्या गोऱ्या देवकाला पाहून पडली. मीही गेलो होतो मतदानाला. पोराच्या नावापुढं बटण होतं. त्याच्यावर बोट ठेवलं नाही. माझ्या एका मतानं काय झालं? काही नाही. ढोल आमच्याच गल्लीतून गेले. नळाच्या कोपऱ्यावर त्याला खांद्यावर उचललेलं होतं. पुढं कोणी "बायाँ दबा" म्हणणारं नव्हतं. त्याचं डोकं पत्र्याला लागलं, तरी हात हलवत राहिला.

परवा त्याचा माणूस आला होता. म्हणाला, "साहेबाइनं आईसाहेबाचा ओरिजनल फोटो मागितला. ऑफिसात लावाचा आहे. मोठा करून."

मी म्हटलं, "कोन्या साहेबानं? मी ओयखत नाई."

तो हसला. मग माझं तोंड पाहून गेला.

देवका, तू विचारलं होतं, मंग काय केलं त्या रागाचं? तेव्हा मी जेवायला बसलो होतो. आता सांगतो.

हे काही बदलणार नाही. सेठला आठवणार नाही. पोरगा मागं फिरणार नाही. त्याच्या मागून येणारे त्याच्यापेक्षा पुढं जातील, अजून कोणाला तरी फाटकाबाहेर बसवतील. माझ्याजवळ वेळ नाही, शिक्षण नाही, माणसं नाहीत. रहीमभाईला दम लागतो आता, चार पावलं चालला की बसतो.

पण ज्या गादीसाठी रहीमभाईला बाहेर बसवतात, त्या गादीवर मी बसणार नाही. जिवंत बसणार नाही, मेल्यावर फ्लेक्समध्ये बसणार नाही. विहारात सांगून ठेवलं आहे, चार माणसांसमोर. माझ्या तिरडीला पोराचा खांदा लागू द्यायचा नाही. आला तर फाटकावरून परत पाठवायचा. रहीमभाई असला तर तो पुढं. उचलायची ताकद नसली तरी चालेल, नुसता पुढं चालावा आणि बोलावा. तो नसला तर वस्तीतली कोणतीही माणसं, पण न बोलता.

आणि तो फोटो माझ्या उशाखाली आहे. काळ्या देवकाचा. तो माझ्यासोबत जाळायचा. त्या लोकांच्या हाती लागू द्यायचा नाही.